गिटारचं हार्डवेअर बदलताय? आधी या चुका टाळा

नवा ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकवणारा धातूचा भाग, बसवला की इलेक्ट्रिक गिटार एकदम खुलली, असं सांगणारे बरेच भेटतात. त्यांना एकच विचारायचं: तारा जुन्याच ठेवल्या होत्या काय? नसतातच. ब्रिज काढायचा म्हणजे तारा उतरवाव्या लागतात, आणि गंजलेल्या तारा परत कोण चढवतं? शिवाय बसवणारा जाता जाता ॲक्शन (तारांची उंची), इंटोनेशनही (सगळ्या नेकवर सूर जुळणं) लावून देतो. टोन सुधारणारच, श्रेय मात्र ब्रिज घेऊन जातो.

म्हणून आधी फक्त तारा बदला आणि सेटअप करा. त्याच ॲम्पवर, नॉब न हलवता, मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. यानंतरही मन भरलं नाही तर पार्ट मागवा.

नागपुरात हे जास्तच लागू पडतं. नवतप्यात हवा इतकी कोरडी की फ्रेटबोर्ड (नेकवरची लाकडी पट्टी) आकसतो आणि फ्रेटची, म्हणजे तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बोटांना टोचू लागतात. त्याच गिटारला कूलरसमोर टांगलं की तारा काळ्या पडतात. मग पावसाळा लागतो, लाकूड फुगतं, नेक हलतो, बझ (तार फ्रेटला घासून येणारी खरखर) सुरू होतो आणि शिव्या ब्रिजला पडतात. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार दाबा. आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत साधारण पाव मिलिमीटर फट हवी. तार टेकलेलीच असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) थोडा सैल करा, फट फार असेल तर कसा. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही.

ट्यूनिंग टिकत नाही म्हणून लॉकिंग ट्यूनर (तार घट्ट पकडून ठेवणाऱ्या चाव्या) घेणं, ही दुसरी महागडी घाई. चावी फिरवताना ‘टिंग’ असा आवाज येतो का, ऐका. येत असेल तर तार नटमध्ये (चाव्यांजवळची खाचांची पट्टी) अडकतेय, बहुतेक वेळा तिसरी. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. तरीही अडकली तर खाच नीट करून घ्या.

आता ट्रेमोलो ब्लॉक, म्हणजे दांडीने हलणाऱ्या ब्रिजखालचा धातूचा ठोकळा. जस्ताच्या मिश्रधातूची घनता साधारण ६.६, पोलादाची ७.८, पितळेची ८.५. फरक आहे, पण ड्रमर सुरू झाल्यावर तो ऐकू येईल, असं मला तरी वाटत नाही. त्यापेक्षा पिकअपची (तारांचं कंपन टिपणारा चुंबकाचा भाग) उंची स्क्रू-ड्रायव्हरने फुकटात बदलता येते. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचं पिकअप) तारांच्या फार जवळ असेल तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर डगमगतो. शेवटचा फ्रेट दाबून दोनेक मिलिमीटर अंतर ठेवा, पुढचं कानाने ठरवा. सॅडल (ब्रिजवरचा तार टेकण्याचा तुकडा) झिजून तार एकाच जागी तुटत असेल, तर मात्र बिनधास्त बदला.

ऑनलाइन मागवताना मापं घ्याच. तारांमधलं अंतर १०.५ मिमी आहे की १०.८? ट्यूनरचं छिद्र १० मिमीचं की जुन्या पद्धतीचं, पावणेनऊच्या आसपासचं? स्वस्त गिटारची बॉडी पातळ असते. पूर्ण मापाचा ब्लॉक मागून बाहेर डोकावतो.

आणि ब्रिज बदलल्यावर घरघर वाढली, तारांना हात लावूनही कमी होत नाही? ग्राउंडची वायर सुटलीय. स्ट्रॅटमध्ये (स्ट्रॅटोकास्टर) ती मागच्या स्प्रिंग अडकवणाऱ्या पट्टीला, क्लॉला, सोल्डर केलेली असते, टेलीमध्ये (टेलीकास्टर) ब्रिजच्या पत्र्याखाली दाबलेली. मल्टीमीटरची एक पिन ब्रिजला, दुसरी केबलच्या सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला लावा. बीप वाजलाच पाहिजे.