सिनेत्रोन पाहत शिकलेली इंडोनेशियन

इंडोनेशिया सरकारची दार्मासिस्वा शिष्यवृत्ती मिळवून मी 2014 साली योग्याकार्ताला गेले, तेव्हा पुण्यात घोटलेले व्याकरण पुरेल अशी माझी समजूत होती. वर्गात शिकवली जाई ती बातमीपत्राची भाषा. मी राहत होते त्या ‘कोस’मध्ये, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या घरात, तशी कोणीच बोलत नसे. तिथले बोलणे मला उलगडले ते घरमालकीणबाईंच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीमुळे. म्हणून ही भाषा नव्याने शिकणाऱ्यांना मी पहिल्याच महिन्यात एखादे ‘सिनेत्रोन’ धरायला सांगते.

सिनेत्रोन म्हणजे दूरचित्रवाणी मालिका. सरकारी टीव्हीआरआय वाहिनी 1962 साली जाकार्तातील आशियाई खेळांच्या वेळी सुरू झाली आणि 1989 मध्ये आरसीटीआय ही पहिली खासगी वाहिनी आली. त्यानंतर या मालिकांचे पीक आले. आमच्या घरी मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची, अजान पडद्यावर होऊन गेली, की ‘तुकांग बुबुर नाइक हाजी’ लागे. खिमट विकणाऱ्याच्या हजयात्रेवरून नाव मिळालेल्या या मालिकेचे दोन हजारांहून अधिक भाग झाले. रोजचा भाग घाईघाईने चित्रित करण्याच्या या पद्धतीला तिकडे ‘केजार तायांग’ म्हणतात, आणि त्यामुळे येणारा पाल्हाळ शिकणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. पात्राचा चेहरा पडदाभर येतो, ओठ मिटलेले असतात आणि मनातले विचार सावकाश, सुटे सुटे ऐकू येतात. कथानकासाठी मी कोणालाही सिनेत्रोन सुचवणार नाही.

मराठी कानाला काही शब्द लगेच सापडतात. दिग्दर्शकाला ‘सुत्रादारा’ म्हणतात, आवाजाला ‘सुआरा’. मात्र ‘आचारा’ म्हणजे कार्यक्रम आणि ‘संगसारा’ म्हणजे हालअपेष्टा. हा दुसरा शब्द आपल्या ‘संसारा’चाच भाऊ आहे, हे कळल्यावर मी एकटीच बराच वेळ हसत होते. ‘कामी’ आणि ‘किता’ यांतला फरक हिंदीतून समजून घ्यायला गेलात तर अडाल. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ आहेतच.

माझी फजिती झाली ती यूट्यूबमुळे. तिथले तरुण ‘गुए’ आणि ‘लू’, म्हणजे मी आणि तू, असे जाकार्ताच्या बोलीत बोलतात. मी ऐटीत मालकीणबाईंनाच ‘लू’ म्हटले, आणि त्यांच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. योग्याकार्तात वडीलधाऱ्या बाईला ‘इबू’ म्हणायचे, थोड्या मोठ्या मुलाला ‘मास’, मुलीला ‘म्बाक’. सर्वनाम टाळता आले तर उत्तमच. म्हणून विनोदी चित्रफिती आणि पॉडकास्ट चार-सहा महिन्यांनीच ऐकायला घ्यावेत. कोणी ‘व्कव्कव्क’ लिहिले तर ते हसणे आहे, एवढे आधी माहीत असले की पुरे.

त्याच वर्षी एएनटीव्हीवर आपल्याकडची ‘महाभारत’ मालिका इंडोनेशियन आवाजात लागत होती आणि अर्जुन झालेला शाहीर शेख तिथे घरोघरी पोहोचला होता. मालकीणबाईंना सारी पात्रे वायांग या छायानाट्यातून पाठ होती. जावाच्या वायांगमध्ये द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची पत्नी असते. तेव्हा तुमच्याकडे तिला पाच नवरे कसे, असे त्यांनी मला जरा दरडावूनच विचारले. माझ्या त्या वेळच्या इंडोनेशियनमध्ये उत्तर द्यायला पाऊण तास लागला.