टाचेच्या मागची शीर दुखत असेल तर ती व्यायामाने कशी बरी करायची

सकाळी अंथरुणातून उठून पहिली आठ-दहा पावलं टाकताना टाचेच्या वर मागच्या बाजूला कळ येते, चालता चालता सैल होतं, दिवसभर विसरायला होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. असं होत असेल तर बहुतेक तुमचं अकिलीस टेंडन दुखतंय, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी बांधणारी ती जाड शीर. माझं आधी उजव्या पायाचं गेलं, तीन वर्षांनी डाव्या पायाचं, आणि मधल्या काळात बरोबर धावणाऱ्या पाच-सहा जणांच्या मागे लागून लागून त्यांच्याकडून हाच व्यायाम करून घेतला. दर वेळी पहिले दोन-तीन महिने वाया गेले ते सल्ल्यांमुळे. पूर्ण आराम कर, बर्फ लाव, अंगठ्याने दाबून चोळ, जोरात ताण दे, एक इंजेक्शन घेऊन टाक.

हे सल्ले का चालत नाहीत ते एकदा समजून घ्या, नाहीतर पुढचे तीन महिने तुमच्याच्याने निघणार नाहीत. टेंडनच्या जुन्या दुखण्यात दाह हा मुख्य भाग नसतो. आतले कोलॅजनचे धागे, जे एका दिशेने सरळ असायला हवेत, ते विस्कटलेले असतात आणि टेंडन जाड होतं. विस्कटलेल्या धाग्यांना आराम दिला की दुखणं कमी होतं हे खरं, पण ताकदही कमी होते, म्हणून महिनाभर पाय वर करून बसलेला माणूस पहिल्याच धावेत परत जागेवर येतो. टेंडनला पुन्हा वजन पेलायची सवय लावणं हा उपचार आहे आणि त्याला महिने लागतात. स्नायू लचकला तर बऱ्याचदा काही आठवड्यांत सुटतो, टेंडन तसं नाही.

पायरी १. नक्की हेच आहे ना ते बघा.

टाचेच्या हाडापासून साधारण २ ते ६ सेंटीमीटर वर चिमटीत धरून दाबा. तिथे गाठीसारखं जाड लागलं आणि नेमकं तिथेच दुखलं तर खालचं सगळं तुमच्यासाठी आहे. दुखणं अगदी खाली, टाचेच्या हाडावर असेल तर तो याचाच दुसरा प्रकार, व्यायाम तोच पण टाच पायरीच्या खाली सोडायची नाही, सपाट जमिनीवरच करायचा, कारण खाली सोडलं की टेंडन हाडावर दाबलं जातं आणि दुखणं वाढतं.

आता घरी व्यायाम करत बसायचं नाही अशा गोष्टी. मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखं झालं, फट्ट आवाज आला आणि आता चवड्यावर उभं राहता येत नाही, तर शीर तुटलेली असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोटरी सुजली, गरम झाली, लाल झाली तर रक्ताची गुठळी असू शकते, तिथेही थांबायचं नाही. दोन्ही टाचा एकदम दुखतात, सकाळचा आखडलेपणा अर्धा तास जात नाही आणि कंबरही धरते, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. आणि एक गोष्ट फार कमी जण विचारतात म्हणून मुद्दाम सांगतो, हल्लीच सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलं होतं का? या गटातल्या अँटीबायोटिकने टेंडन दुखावतं, तुटूही शकतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २००८ मध्ये या औषधांवर आपला सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. साठीच्या पुढचे लोक आणि स्टिरॉइड घेणारे यांना धोका जास्त. गोळ्या चालू असताना टाच दुखायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

पायरी २. भार कमी करा, शून्य करू नका.

वेगात धावणं, चढ, उड्या बंद. चालणं, सायकल, पोहणं चालू. दोन्ही बुटांत टाचेखाली छोटी पॅड टाकली तर पहिले काही आठवडे बरं वाटतं.

पायरी ३. व्यायाम शिका.

पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहा, भिंतीला हात, टाचा वर, मग खाली. ३ सेकंद वर जायला, ३ सेकंद खाली यायला, घाई नको. एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा थोडा वाकवून, कारण सरळ गुडघ्यात पोटरीचा वरचा स्नायू जास्त काम करतो आणि वाकवला की आतला सोलियस. दोन्ही लागतात.

किती करायचं यावर लोक भांडत बसतात. स्वीडनचे डॉक्टर हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये नुसतं खाली सोडण्याचा व्यायाम दिला होता, १५ चे ३ सेट (म्हणजे सलग १५ वेळा, असं तीनदा), गुडघा सरळ आणि वाकवून, दिवसातून दोनदा, रोज, १२ आठवडे. म्हणजे दिवसाला १८०. चालतं ते, पण माझ्या ओळखीत कोणी पूर्ण केलेलं नाही, मीही नाही. २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये हीच पद्धत आणि आठवड्यातून तीनदा जड वजनाने सावकाश करायची पद्धत समोरासमोर ठेवून बघितली, दोन्हींचा गुण सारखाच आला. म्हणून मी दुसरी सांगतो. पहिल्या आठवड्यात १५ चे ३ सेट, मग दोन आठवडे १२ चे ३, मग १० चे ४, ८ चे ४, आणि नवव्या आठवड्यापासून ६ चे ४. आकडा खाली जातो तसं वजन वर जायला पाहिजे, पाठीवर बॅग घेऊन त्यात वजन टाकत जा. सेटमधल्या शेवटच्या दोन वेळा जड गेल्या नाहीत तर वजन कमी आहे असं समजा. सुरुवातीला दोन पायांवर, जमलं की एका पायावर.

पायरी ४. दुखणं मोजायला शिका.

इथे मी पहिल्या वेळेस सहा महिने अडकलो होतो आणि इथेच सगळे अडकतात. व्यायाम कोणालाही तासाभरात येतो, पण करताना दुखलं की काय करायचं हे कोणी नीट सांगत नाही. एकजण सांगतो दुखलं की लगेच थांब, दुसरा सांगतो दुखतंय म्हणजे काम होतंय, सहन कर. मी दोन्ही केलं. आधी जरा टोचलं की थांबायचो, त्यामुळे टेंडनवर कधी पुरेसा भार आलाच नाही. मग कंटाळून दात-ओठ खाऊन केलं तर चार दिवस लंगडत होतो. मग परत आराम, मग दोन आठवडे छान गेले म्हणून एकदम दहा किलोमीटर पळालो, परत पहिल्यापासून सुरू. हे चक्र मी तीनदा फिरलो.

यातून बाहेर काढलं ते एका साध्या नियमाने, तोही स्वीडनमध्येच तपासलेला, २००७ मध्ये. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होणार नाही असं धरा. व्यायाम करताना आणि संपल्यावर पाचपर्यंत दुखलं तरी चालतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली आलेलं असलं पाहिजे, आणि दर आठवड्याला दुखणं आणि आखडलेपणा वाढत जाता कामा नये. त्या अभ्यासात एका गटाला या मर्यादेत राहून धावणं-उड्या चालू ठेवू दिल्या आणि दुसऱ्याला सहा आठवडे बंद केल्या, व्यायाम दोघांना सारखा, आणि वर्षभराने दोन्ही गट सारखेच सुधारले होते. म्हणजे दुखतंय म्हणून सगळं सोडायची गरज नव्हती, जी गोष्ट मला पहिल्या दिवशी कोणीतरी सांगायला हवी होती.

निकाल सकाळी लागतो हे पक्कं लक्षात ठेवा. टेंडन उशिरा बोलतं. करताना ते गरम होऊन शांत पडतं, त्यामुळे 'पहिला किलोमीटर दुखलं मग काही जाणवलंच नाही' याचा अर्थ सगळं ठीक आहे असा अजिबात होत नाही, मी याच वाक्यावर विश्वास ठेवून स्वतःचं सगळ्यात जास्त नुकसान केलंय. खरं उत्तर साधारण २४ तासांनी येतं, कधी ४८.

म्हणून रोज सकाळी एकच चाचणी, रोज तीच. मी उठल्यावर दहा पावलं चालतो आणि दुखऱ्या पायावर पाच वेळा टाच उचलतो, जे दुखतं त्याला आकडा देतो आणि लिहून ठेवतो. लिहूनच ठेवा, डोक्यात ठेवलेला आकडा मूडप्रमाणे बदलतो. सुरुवातीचे तीन-चार दिवस नुसतं लिहा म्हणजे तुमचा नेहमीचा आकडा कळेल. समजा तो ३ आहे. व्यायाम करताना ५ दुखलं आणि सकाळी परत ३, तर सगळं बरोबर चाललंय, घाबरू नका, पुढे चला. करताना फक्त २ दुखलं पण सकाळी ५, तर काल जास्त झालं, मग करताना कितीही छान वाटलेलं असो. अशा वेळी व्यायाम बंद करायचा नाही, एक दिवस जास्त गॅप द्यायचा आणि मागच्या वजनावर जायचं. दुखलं की पूर्ण बंद करायची सवय मोडणं हे मला सगळ्यात जड गेलं.

अजून तीन गोष्टी याच पायरीतल्या. एका वेळी एकच गोष्ट वाढवा, वजन वाढवलं त्या आठवड्यात धावणं वाढवू नका, नाहीतर सकाळी आकडा चढला तर कशामुळे ते कळणार नाही. व्यायामाआधी पेनकिलर घेऊ नका, ज्या आकड्यावर सगळं चाललंय तोच खोटा होतो. आणि पोटरीच्या मांसल भागात दोन दिवस पसरलेलं दुखत असेल तर तो स्नायूचा थकवा आहे, तो मोजायचा नाही, चिमटीत सापडतं ते मोजायचं.

इंजेक्शनबद्दल माझं मत ठाम आहे. स्टिरॉइडने काही आठवडे फार छान वाटतं आणि म्हणूनच माणूस फसतो. टेनिस एल्बोच्या, म्हणजे कोपराच्या टेंडनच्या दुखण्याच्या, बाबतीत २०१० मध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा इंजेक्शनवाले सुरुवातीला पुढे होते आणि काही महिन्यांनी काहीच न केलेल्यांच्याही मागे पडले. अकिलीसच्या बाबतीत तर शीर तुटायची भीती वेगळी. माझ्याबरोबर धावणाऱ्या एकाने स्पर्धेच्या आधी घेतलं होतं, दुखणं गायब झालं म्हणून पूर्ण जोर लावला आणि पुढचं अख्खं वर्ष त्याचं गेलं. बर्फाने बरं वाटत असेल तर लावा, पण त्याने टेंडन बरं होत नाही. आराम आणि बर्फाचं ते प्रसिद्ध सूत्र १९७८ मध्ये मांडणारे डॉक्टर गेब मर्किन यांनीच नंतर सांगितलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो.

पायरी ५. परत धावा.

एका पायावर टाच उचलणं दुसऱ्या पायाइतकं जमायला लागलं, २०-२५ वेळा, आणि जागच्या जागी छोट्या उड्यांनी सकाळचा आकडा हलला नाही, की एक मिनिट धावणं एक मिनिट चालणं असं एक दिवसाआड सुरू करा. आधी अंतर वाढवा, वेग सगळ्यात शेवटी.

१२ आठवडे प्रामाणिकपणे करूनही आकडा जागचा हलला नाही तर फिजिओथेरपिस्टकडे जा आणि सोबत ती वही न्या, म्हणजे पहिल्या भेटीतच काय करून झालंय ते त्यांना दिसेल. आणि कमी झालं तरी जड टाच-उचल आठवड्यातून दोनदा चालू ठेवा, मी डाव्या पायाच्या वेळी चौथ्या महिन्यात सोडली होती, सातव्या महिन्यात सकाळचा आकडा परत ३ वर होता.