पत्र्याखाली इन्सुलेशन टाकताय? मग या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे गेला की जो तो माळ्यावर कायतरी टाकायला निघतो आणि दुकानात पहिला प्रश्न काय, तर स्क्वेअर फुटाला काय भाव? इथंच गडबड होते भाऊ. भाव नंतर बघा, आधी आर-व्हॅल्यू काढा (माल उष्णता किती अडवतो तो आकडा, जास्त तेवढा चांगला), म्हणजे मीटरमधली जाडी भागिले के-व्हॅल्यू (मालातून उष्णता किती सहज जाते तो आकडा). ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) आणि थर्माकोलची के साधारण ०.०३५ ते ०.०४, पफची (पॉलीयुरेथेनचा कडक फोम) ०.०२३ च्या आसपास, म्हणजे ५० एमएम ग्लासवूल अंदाजे १.३ आणि तेवढ्याच जाडीचा पफ २.२. कोणी तोऱ्यात "आर-८ आहे" म्हणालं तर युनिट विचारा, अमेरिकन आकडा मेट्रिकच्या ५.६८ पट असतो, त्यांचं ८ म्हणजे आपलं १.४ च.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते चकचकीत बबल शीटला. चार एमएमच्या शीटची स्वतःची आर जेमतेम ०.१, तिचं सगळं काम त्या चमकीवर चालतं आणि चमकीसमोर निदान इंचभर मोकळी हवा लागते. चकचकीत बाजू पत्र्याला टेकवून ठोकली की पैसे पाण्यात. आणि ती बाजू खालीच ठेवा, वर ठेवली तर आपल्याकडची धूळ एका उन्हाळ्यात तिचं पार मातेरं करते.

ग्लासवूल टाकूनही खोली तापतेय? एका कोपऱ्यातून काढून बघा. मिस्त्रीने ५० एमएमचा रोल जाळी ताणून २५ एमएम करून टाकलेला असतो (फिनिशिंग छान दिसतं ना!), म्हणजे आर जवळपास निम्मी. पावसाळ्यात पत्रा गळून रोल ओला झाला असेल तर तोही गेला, आधी स्क्रूचे वॉशर बदला.

धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर दुपारी गार असतं म्हणून मातीला इन्सुलेशन समजू नका, माती ऊन अडवत नाही, उशिरा सोडते, म्हणून तर रात्री सगळे अंगणात खाटा टाकतात. स्लॅबचंही तेच, त्याला खालून फॉल्स सीलिंग करण्यापेक्षा वरून एक्सपीएस (कडक पॉलीस्टायरीन फोम) शीट टाकून कोबा केलेला बरा, स्लॅब तापणारच कमी.

वायरिंगजवळ थर्माकोल किंवा पफ नको, दोन्ही पेट घेतात, तिथं रॉकवूल (दगडाच्या तंतूंची, न जळणारी लोकर) घ्या. आणि माल उतरवताना जाडीला पट्टी लावून बघा, बिलावर ५० आणि हातात ४० हे सर्रास चालतं.