लॅपटॉपवरच्या होल्डमध्ये हरवलेले पंधरा सेकंद

व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या लेखी परीक्षांची तयारी करत असताना मी नागपूरला घरीच एक्स-प्लेन ११ या सिम्युलेटरवर उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याचा सराव सुरू केला. घरच्या सिम्युलेटरवरचा एकही तास लॉगबुकात धरला जात नाही, हे मला ठाऊक होते. परंतु व्हीओआर या जमिनीवरच्या रेडिओ केंद्राची रेडियल (तिथून ठरावीक दिशेला जाणारी रेषा) पकडणे, होल्डमध्ये, म्हणजे एका बिंदूपाशी लांबट घिरट्या घालत थांबण्याच्या मार्गात, नेमके शिरणे, आयएलएस या रनवेकडे उतरवणाऱ्या रेडिओ यंत्रणेवर खाली येताना नजर एकाच उपकरणावर खिळू न देणे, या गोष्टी हाताला आणि डोळ्यांना आधीच सवयीच्या झाल्या असतील, तर खऱ्या विमानातला प्रत्येक महागडा तास अधिक कारणी लागतो. माझ्याकडे होता तो कॉलेजच्या काळातला लॅपटॉप: आय-५ ८२५०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २ जीबी मेमरीचे एमएक्स१५० ग्राफिक्स आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. अशाच यंत्रावर सुरुवात करणाऱ्यांना माझे काही महिने वाचावेत, म्हणून हे लिहीत आहे.

चित्र अडखळत होते, हे पहिल्या दिवसापासून दिसत होते. त्याचा सरावावर नेमका काय परिणाम होतो, हे मात्र मला होल्डमुळे कळले. १४,००० फुटांपर्यंत होल्डचा आउटबाउंड लेग (बिंदूपासून दूर जाणारा सरळ भाग) एका मिनिटाचा असतो. मी हातातल्या स्टॉपवॉचवर साठ सेकंद मोजून वळत असे आणि वारा शून्य ठेवूनही माझे लेग दरवेळी आखूड पडत. १२० नॉट वेगाने एका मिनिटात दोन नॉटिकल मैल अंतर कापले जायला हवे होते. नकाशावर ते दीड मैलाच्या आसपास दिसे. बरेच दिवस मी स्वतःच्या वेगनियंत्रणात चूक शोधत राहिले. खरे कारण वेगळे होते. एक्स-प्लेन विमानाची गती प्रत्येक फ्रेमबरोबर, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राबरोबर, नव्याने मोजते आणि फ्रेम रेट सेकंदाला २० च्या खाली गेला, की गणित बिघडू नये म्हणून सिम्युलेटरमधला काळच हळू करते. माझा फ्रेम रेट त्या वेळी १५ च्या घरात होता. म्हणजे माझ्या साठ सेकंदांत विमान जेमतेम पंचेचाळीस सेकंद उडत होते.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी एक साधी चाचणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. सेस्ना १७२ या प्रशिक्षणाच्या लहान विमानात वळण्याचा दर दाखवणाऱ्या टर्न कोऑर्डिनेटरवर रेट वन वळण धरावे. सेकंदाला तीन अंश या दराने ३६० अंशांचे पूर्ण वळण दोन मिनिटांत संपले पाहिजे. घड्याळावर त्याला अडीच मिनिटे लागत असतील, तर तुम्ही मंदावलेल्या काळात उडत आहात आणि त्यात केलेला वेळेचा प्रत्येक सराव हाताला चुकीचे वळण लावतो आहे.

यानंतर मोजमाप. सेटिंग्जमधल्या ‘डेटा आउटपुट’ या पानावर फ्रेम रेटची ओळ कॉकपिटमध्ये दाखवण्याची सोय आहे. तिथे एका फ्रेमला लागणारा वेळ, तसेच सीपीयू (प्रोसेसर) आणि जीपीयू (ग्राफिक्स चिप) यांचा वेळ वेगवेगळा दिसतो. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंदांत तयार झाली पाहिजे. ज्या घटकाचा आकडा मोठा, तिकडे अडचण. टास्क मॅनेजरवर विसंबून मी इथे फसले होते: तिथे प्रोसेसरचा वापर चाळीस टक्केच दिसत असल्यामुळे प्रोसेसर मोकळा आहे, असा माझा समज झाला होता. प्रत्यक्षात सिम्युलेटरचे मुख्य काम बहुतांशी एकाच थ्रेडवर, म्हणजे कामांच्या एकाच साखळीत, चालते. ती चालवणारा प्रोसेसरचा एक कोअर (गाभा) पूर्ण भरलेला असतो आणि बाकीचे रिकामे असल्याने सरासरी खाली येते.

अडखळण्याच्या वेळेकडे लक्ष दिले, तर कारण निम्मे सापडते. पहिली दहा मिनिटे सुरळीत आणि मग हळूहळू घसरण, हे माझ्याकडे सर्वांत ठळक होते आणि एप्रिलच्या दुपारी ते अधिक तीव्र होई. हे उष्णतेचे लक्षण आहे. माझ्या प्रोसेसरचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्‌झ आणि थोड्या वेळासाठी गाठता येणारा कमाल वेग ३.४ गिगाहर्ट्‌झ, तापमान वाढले, की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये तापमान आणि वेग शेजारी शेजारी पाहिल्यावर शंका उरली नाही. जाणत्या माणसाकडून पंख्यातली धूळ काढून घेतली, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी, पण वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घेतली, लॅपटॉपची मागची बाजू दोन इंच उचलून ठेवली आणि सराव पहाटे करू लागले. एवढ्याने जो फरक पडला, तो नंतरच्या कोणत्याही सेटिंगने पडला नाही. चार्जर जोडलेला असणे आणि पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर असणे हेही याच टप्प्यावर तपासून घ्यावे.

दुसरा प्रकार एकाच मोठ्या झटक्याचा. नागपूर ते गोंदियाजवळचे बिरसी, हे साधारण ७५ नॉटिकल मैलांचे उड्डाण मी वारंवार करत असे आणि अर्ध्या तासाच्या सुमारास चित्र दोन-तीन सेकंद गोठे. जागा जवळजवळ ठरलेली होती: ८० अंश पूर्व रेखांश. एक्स-प्लेनमधली पृथ्वी एक अंश बाय एक अंश अशा चौकोनांत विभागलेली असते आणि विमान पुढे सरकेल तसे पुढचे चौकोन डिस्कवरून वाचले जातात. नागपूरचा विमानतळ स्वतः ७९ अंश रेखांशाच्या पूर्वेला जेमतेम पाच किलोमीटरवर असल्यामुळे पश्चिमेकडच्या होल्डमध्ये ती रेषा वारंवार ओलांडावी लागते. फिरत्या हार्ड डिस्कला ही धावपळ झेपत नाही. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून सिम्युलेटर तिच्यावर हलवल्यावर गोठणे संपले. एक हलकीशी उचकी राहिली. अँटिव्हायरसच्या तपासणीतून सिम्युलेटरचा फोल्डर वगळल्याचाही थोडा उपयोग झाला. पैसे बेतानेच खर्च करायचे असतील, तर आधी एसएसडी आणि मग आणखी ८ जीबी रॅम, हा क्रम मला योग्य वाटतो.

तिसरा प्रकार म्हणजे मान वळवून खिडकीबाहेर पाहिले, की होणारे तुटक हलणे. त्यामागे बहुधा ग्राफिक्सची २ जीबी मेमरी भरून जाणे असते. आधी सिम्युलेटर वेगळ्या ग्राफिक्स चिपवरच चालतो आहे ना, हे विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंग्जमध्ये पाहावे, कारण माझ्याकडे तो सुरुवातीला प्रोसेसरमधल्या चिपवर चालत होता. मग ‘टेक्स्चर क्वालिटी’ खाली आणावी, ‘रिफ्लेक्शन डिटेल’ अगदी किमान ठेवावे आणि रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० करावे. त्याने पिक्सेल निम्म्याहून कमी होतात. रिझोल्यूशन उतरवूनही फ्रेम रेट जागचा हलला नाही, तर दोष ग्राफिक्सचा नाही असे समजून ‘वर्ल्ड ऑब्जेक्ट्स’ कमी करावेत, कारण त्यांचा भार मुख्यतः प्रोसेसरवर पडतो. ११.५० या आवृत्तीपासून मिळालेला व्हल्कन या नव्या ग्राफिक्स पद्धतीचा पर्याय चालू करावा. एका वेळी एकच बदल करावा आणि तेच विमान, तोच रनवे, तेच हवामान ठेवून पुन्हा मोजावे. मी सुरुवातीला पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि कशाने काय झाले ते कळलेच नाही.

उपकरणांच्या सरावासाठी एक गोष्ट विशेष उपयोगी पडली. बाहेरचे काही दिसू नये म्हणून मी आकाश ढगांनी भरत असे आणि नेमके ते ढगच ग्राफिक्सला सर्वांत जड जात. त्याऐवजी आकाश निरभ्र ठेवून दृश्यमानता एक-दोन मैलांवर आणली, की खिडकीबाहेर तसाच पांढुरका पडदा राहतो आणि यंत्रावरचा भार कितीतरी हलका होतो. जी१००० या डिजिटल पडद्यांच्या सेस्नापेक्षा गोल डायलची सेस्नाही माझ्या लॅपटॉपवर हलकी चालली.

कमाल फ्रेम रेट मी ३० वर बांधून ठेवला आहे. कधी ४५ आणि कधी २२ असे हेलकावे घेणाऱ्या चित्रात हात काट्यांच्या मागे धावतो, नियंत्रणावर दाब जास्त दिला जातो आणि तो परत काढावा लागतो. स्थिर तिसात तसे होत नाही. प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करून टर्बो (मूळ वेगाच्या वर जाण्याची सोय) बंद करण्याचा उपायही मी करून पाहिला. तापमान उतरले, पण १.६ गिगाहर्ट्‌झच्या आसपास मुख्य थ्रेडची दमछाक होऊन फ्रेम रेट पुन्हा विसाखाली गेला, म्हणून तो सोडून दिला.

आजही सराव सुरू करण्यापूर्वी मी एक रेट वन वळण घेते आणि घड्याळ पाहते. दोन मिनिटे आणि वर तीन-चार सेकंद लागले, तर होल्डकडे वळते. त्याहून अधिक लागले, तर सिम्युलेटर बंद करून लॅपटॉप थंड होऊ देते आणि तोवर चार्ट वाचत बसते.