वाळूत बुडालेलं चर्च बघायला जाताय? मग हे वाचून जा

नाशिकहून कोणी डेन्मार्कला निघालं असेल आणि लिस्टमध्ये स्कागेनचं वाळूतलं चर्च असेल तर आधीच सांगतो, तिथे चर्च शोधत बसू नका, दिसतो तो फक्त पांढरा टॉवर. बाकीचं १८१० च्या सुमारास पाडलं. आमच्यातला एक जण अर्धा तास "अरे पण मेन चर्च कुठंय" करत फिरला, म्हटलं बाबा तू त्याच्याच डोक्यावर उभा आहेस.

जायला कोपनहेगनहून ट्रेनने ऑलबोर्ग, पुढे फ्रेडरिक्सहाव्न, तिथून छोटी ट्रेन थेट स्कागेन. गावापासून टॉवर साधारण ४ किमी, सायकल भाड्याने घ्या. उन्हाळ्यातच जा, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई नाही.

पण माझं ऐकाल तर टॉवरच्या आधी रॉब्येर्ग मिले करा. ४० मीटर उंच वाळूची टेकडी आहे आणि ती चालते, वर्षाला १५-१८ मीटर पुढे सरकते. वाऱ्यात दहा मिनिटं उभं राहा, पोटऱ्यांना वाळू टोचायला लागली की चर्चचं काय झालं असेल ते आपोआप कळतं. चौदाव्या शतकातलं हे सेंट लॉरेन्सचं चर्च, त्या भागातलं सगळ्यात मोठं. लोकांनी झाडं तोडली, गुरांनी गवत खाल्लं, मग वाळूला धरून ठेवणारं काही उरलंच नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी तर प्रार्थनेला आत शिरायचं म्हणजे आधी फावड्याने दार मोकळं करायचं, असं चाललेलं, शेवटी १७९५ ला राजाच्या हुकमाने बंद केलं. टॉवर तेवढा ठेवला, चुना लावून, जहाजांना खूण म्हणून. मला आपला नाशिकचा, गोदावरीतला दुतोंड्या मारुती आठवला, पाणी कुठपर्यंत आलं ते आपण त्याच्यावरूनच सांगतो ना, फक्त गोदेचा पूर दोन दिवसांत उतरतो आणि इथली वाळू काही उतरली नाही.

विंडचीटर आणि बंद बूट मस्ट, सँडल अजिबात नको. आणि घरून नेलेला चिवडा तिथे उघडू नका. आम्ही उघडला, दुसऱ्या घासालाच दाताखाली कचकच, निम्मं पाकीट तसंच गुंडाळून परत आणलं.