टेहळणी विमानांचा ताफा मोजताय? या चुका टाळा

गोव्यात दाबोळीला उतरताना आयएनएस हंसा या नौदलाच्या तळाच्या बाजूला करडी विमानं उभी दिसली, की माझा हात आपोआप वहीकडे जातो. तिथं फोटो काढायला मनाई आहे आणि ती पाळायचीच. नौदल स्वतः जे फोटो प्रसिद्ध करतं, त्यांतूनही खूप कळतं. मात्र आकडा काढताना त्याच त्या चुका होतात. वर्षानुवर्षं मीही त्या केल्या आहेत.

क्रमांक 1 पासूनच सुरू होतो, असं धरणं

दुसऱ्या महायुद्धात जर्मन रणगाडे त्यांच्यावरच्या क्रमांकांवरून मोजायला वापरलेली रीत अनेकांना माहीत असते. दिसलेला सर्वांत मोठा क्रमांक घ्या, त्याला जितके क्रमांक दिसले त्या संख्येनं भागून आलेलं उत्तर त्यातच मिळवा आणि 1 वजा करा. ऑगस्ट 1942 साठी या रीतीनं महिन्याला 327 रणगाडे असा अंदाज आला होता. मित्रराष्ट्रांचं हेरखातं 1,550 म्हणत होतं. युद्धानंतर जर्मन नोंदींत सापडले 342.

आता हीच रीत आपल्या नौदलाच्या पी-8आय या टेहळणी विमानांना लावू. समजा, फोटोंत 321, 324, 326 आणि 329 हे क्रमांक दिसले. सरळ सूत्रात घातले तर उत्तर येतं चारशेच्या वर! कारण ही मालिका 320 पासून सुरू होते. प्रत्येक क्रमांकातून 319 वजा करा, म्हणजे 2, 5, 7, 10 उरतात. मग 10 अधिक अडीच वजा 1, म्हणजे साडेअकरा. नौदलाकडे प्रत्यक्षात आली 12. सूत्र तेच, फक्त सुरुवात कुठून हे आधी शोधायला हवं होतं. मालिकेत मध्येच क्रमांक सोडलेले असतील तर मात्र ही रीतही फसते.

घेतलेली, उरलेली आणि उडणारी यांची एकच बेरीज

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. गोव्यातली आयएल-38 ही जुनी टेहळणी विमानं बघा. सोव्हिएत संघाकडून 5 आली. 1 ऑक्टोबर 2002 रोजी, ती उडवणाऱ्या स्क्वॉड्रनला 25 वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी, दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळली आणि त्यांतले 12 जण गेले. बदली म्हणून रशियाकडून आणखी दोन आली. म्हणजे एकूण आली 7, पण ताफा कधीच 5 च्या वर गेला नाही. पुढे सी ड्रॅगन ही टेहळणीची यंत्रणा बसवल्यावर त्यांना आयएल-38एसडी म्हणू लागले, तेव्हा काहींनी ती नवी खरेदी समजून पुन्हा मोजली. सांगाडा जुनाच होता, बदलली होती आतली उपकरणं. 31 ऑक्टोबर 2023 ला हा ताफा निवृत्त झाला, म्हणून आजचा आकडा शून्य. वहीत तीन रकाने वेगळे ठेवा: आलेली, शिल्लक आणि उडणारी.

उभं दिसलं म्हणजे उडतंच, हाही असाच गैरसमज. 1 जून 2025 च्या युक्रेनच्या हल्ल्याच्या चित्रफितीत रशियाच्या इवानोवो तळावर ए-50 या पाठीवर रडारची डिश असलेल्या टेहळणी विमानांवर ड्रोन उतरताना दिसले. ती विमानं बराच काळ उडालेलीच नव्हती, असं अनेक अभ्यासकांचं मत पडलं. डिश पाठीवर असली तरी इंजिनं जागेवर आहेत का, चाकांखाली गवत वाढलंय का, महिन्याभरात जागा बदलली का, हे बघा.

एकच विमान दोनदा

पी-8आय तमिळनाडूतल्या अरक्कोणमच्या आयएनएस राजाळी तळावरही असतात आणि 2022 पासून हंसावरही. दोन्हीकडचे फोटो बेरजेत धरू नका, क्रमांक जुळवा.

उत्पादनाची सरासरी

पहिल्या 8 पी-8आय विमानांचा करार 2009 चा. पहिलं आलं मे 2013 मध्ये, आठवं 2015 मध्ये. पुढच्या 4 चा करार 2016 चा आणि त्यांतलं पहिलं उतरलं नोव्हेंबर 2020 मध्ये. 2013 ते 2022 धरून बारा भागिले नऊ वर्षं करून ‘वर्षाला 1.33’ म्हणणाऱ्याला मधली पाच कोरडी वर्षं दिसतच नाहीत. शिवाय पी-8 ची जुळणी होते अमेरिकेत रेंटनला, बोईंग 737 च्या कारखान्यात, आणि तिथून अमेरिकेचीही विमानं निघाली आहेत. आपल्याकडे किती आली यावरून तो कारखाना किती काढू शकतो, हे ठरवता येत नाही.