माओरींपूर्वीच्या रहिवाशांविषयीचे दावे कसे तपासावेत

न्यूझीलंडमध्ये तेथील पॉलिनेशियन मूळ रहिवासी असलेल्या माओरींच्या आधी दुसरेच कोणी राहत होते, असा दावा वाचनात आला की तो माओरींची आख्यायिका आहे की बाहेरच्यांनी मांडलेला तर्क, हे आधी ठरवावे.

आख्यायिका असेल तर ती पूर्ण वाचावी. पातुपाइअरेहे हे धुक्यातल्या डोंगरांवर राहणारे, गोऱ्या वर्णाचे, उजेडाला भिणारे गूढ लोक. काहुकुरा नावाचा माओरी माणूस रात्री त्यांच्यात मिसळून मासे ओढू लागला. दोरीला मुद्दाम सुटणारी सरकगाठ मारल्याने त्याचे ओवलेले मासे पुन्हापुन्हा निसटत राहिले, तेवढ्यात उजाडले, ते लोक पळाले आणि मागे राहिलेल्या जाळ्यावरून माओरी जाळे विणायला शिकले. यातील गोरा वर्ण तेवढा उचलून तेथे प्राचीन युरोपीय वस्ती होती असे म्हणणे म्हणजे कोल्हासुराच्या कथेवरून करवीरात असुरांचा निराळा वंश नांदत होता असे म्हणण्यासारखे आहे.

पुरावा म्हणून एखादी वस्तू दाखवली जात असेल, तर ती तेथे कशी पोचली असेल हे विचारावे. मिशनरी विल्यम कोलेन्सो यांना एकोणिसाव्या शतकात माओरी स्त्रिया बटाटे शिजवण्यासाठी वापरत असलेले कांस्यपात्र मिळाले. ते जहाजाच्या घंटेचा तुकडा होते आणि त्यावर तमिळ अक्षरे होती. तेवढ्यावरून तमिळ वसाहतीचा तर्क लढवला गेला. कोल्हापूरकराला याचे उत्तर घरापासून फार लांब शोधावे लागत नाही: ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडन या ग्रीक सागरदेवाची कांस्यमूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे, आणि ती पंचगंगेकाठी व्यापारातून आली, ग्रीकांनी हे शहर वसवले म्हणून नव्हे.

त्यानंतर काळ पाहावा. माणसांच्या होड्यांबरोबरच न्यूझीलंडमध्ये आलेल्या उंदरांनी कुरतडलेल्या बियांचे २००८ साली प्रसिद्ध झालेले कालमापन इ. स. १२८० च्या सुमारापर्यंतच मागे जाते. त्याहून जुनी वस्ती सांगणाऱ्याने तितकाच भक्कम पुरावा द्यायला हवा. न्यूझीलंडमधील काइमानावा येथील, प्राचीन माणसांनी बांधलेली म्हणून १९९६ मध्ये गाजलेली ‘भिंत’ तर ज्वालामुखीय खडकाला नैसर्गिक भेगा पडून झालेली रचना निघाली.

सर्वांत जपून तपासावा तो मोरिओरींविषयीचा दावा. ते मुख्य भूमीवरचे मूळ मेलानेशियन रहिवासी असून माओरींनी त्यांना हुसकावले, असे शाळांतून दीर्घकाळ शिकवले गेले आणि माओरींनीही भूमी बळकावलीच होती, असे म्हणून ब्रिटिश वसाहतवादाचे समर्थन करायला ते सोयीचे ठरले. प्रत्यक्षात मोरिओरी हेही पॉलिनेशियनच. ते पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरवरील चॅटम बेटांवर राहत, ज्यांना ते रेकोहू म्हणतात. माणसाला मारू नये, हा त्यांचा पूर्वज नुनुकू याने घालून दिलेला नियम होता. १८३५ मध्ये न्गाती मुतुंगा आणि न्गाती तामा या माओरी जमातींचे सुमारे ९०० लोक तेथे उतरले, तेव्हाही मोरिओरींच्या सभेने तोच नियम पाळायचे ठरवले. पुढे त्यांची कत्तल झाली आणि उरलेल्यांना गुलाम करण्यात आले. हे अत्याचार खरे आहेत, पण ते मुख्य भूमीवरच्या आद्यवस्तीचा पुरावा नाहीत.

शेवटी लिहिताना क्रियापदाचा काळ तपासावा. १९३३ मध्ये ‘शेवटचे शुद्ध मोरिओरी’ मानल्या गेलेल्या टॉमी सॉलोमन यांच्या निधनानंतर मोरिओरी संपले असे अनेक ठिकाणी छापले गेले; पण त्यांचे वंशज आहेत, आणि सरकारविरुद्धच्या त्यांच्या दाव्यांच्या निवारणाचा कायदा न्यूझीलंडच्या संसदेने २०२१ मध्ये संमत केला, म्हणून ‘मोरिओरी होते’ असे न लिहिता ‘मोरिओरी आहेत’ असेच लिहावे.